डबा, पोतं आणि मेथीची जुडी : मातीविना शेतीचा एक छोटा इतिहास

'गॅलरीतली भाजी' म्हटलं की हल्ली एक ठराविक चित्र डोळ्यासमोर येतं. हिरव्या रंगाच्या ग्रो-बॅगा, कोकोपीटची वीट, परदेशी टोमॅटोचं बी, आणि हे सगळं घरपोच आणून देणारा कुरिअरवाला. त्यामुळे बऱ्याच जणांची समजूत अशी असते की हे 'अर्बन फार्मिंग' म्हणजे अमेरिकेतून आलेलं एक नवं खूळ आहे. आयटीवाल्यांना शनिवार-रविवारी काहीतरी पाहिजे म्हणून आलेलं. :)

या वीकांताला जरा उलट्या बाजूनं बघू. कुंडी-डब्यातल्या भाजीचा इतिहास आपल्याकडे चांगला जुना आहे. फक्त तो फारसा लिहिला गेलेला नाही, कारण शेतीचा इतिहास जमिनीच्या नोंदींवरून लिहितात. सातबारा, सारा, सिंचन, पीकपाहणी. डब्याचा सातबारा नसतो. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांनी काय पिकवलं, हे कुठल्याच दफ्तरात येत नाही. मग हा इतिहास शोधायचा कसा? माझ्या मते रोपाऐवजी भांड्याकडे बघायचं. एक सोपा नियम सापडतो : ज्या काळात जे भांडं रिकामं होऊन फेकायला निघालं, त्या भांड्यात त्या काळची भाजी उगवली.

परस असलेले आणि नसलेले

आपला मूळ शब्द 'परसबाग'. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. कोकणात परडं म्हणतात. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे आळू, कुंपणावर दोडका किंवा कारलं, गोठ्याच्या छपरावर चढवलेला भोपळ्याचा वेल, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता. पाणी फुकट (वापरलेलं), खत फुकट (शेण आणि चुलीची राख), मजुरी फुकट (घरातल्या बायकांची). एकही रुपया न लावता रोजच्या कालवणाची सोय.

भाजी पिकवणं हे मराठी मनाला कमी दर्जाचं काम कधीच वाटलं नसावं. नाहीतर तेराव्या शतकातल्या अरणच्या सावता माळ्यांना आपण संतांच्या मांदियाळीत बसवलं नसतं. मळ्यातच विठ्ठल आहे, मग पंढरपूरला कशाला जाऊ, असं म्हणणारा हा माणूस.

पण 'परसबाग' या शब्दात एक अट दडलेली आहे. आधी परस पाहिजे. आणि ते सगळ्यांना नव्हतं. गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं असायची. गावकुसाबाहेरच्या वस्तीत तर घराखालची जमीनसुद्धा आपली आहे की नाही याचा भरवसा नसायचा. १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. मागणी काय होती? पडीक आणि गायरान जमीन कसायला द्या. ज्यांना शेत सोडाच, चार हात परसही नाही, त्यांनी मेथी-कोथिंबीर कुठे लावायची? उत्तर सरळ आहे. जे हाताला लागेल त्यात. फुटका माठ, गळका घमेला, मोडकी टोपली.

नऊ दिवसांची शेती

भांड्यात पेरण्याचा एक प्रकार मात्र आपल्याकडे घरोघर चालतो, आणि त्याला आपण शेती म्हणत नाही. घटस्थापना. पत्रावळीवर किंवा परडीत काळी माती पसरायची, मधे घट ठेवायचा, भोवती सात किंवा नऊ धान्यं पेरायची. रोज थोडं पाणी. नवव्या दिवशी हातभर नाही तरी वीतभर अंकुर वर आलेले असतात. दसऱ्याला हे अंकुर टोपीत, फेट्यात खोवायचे. रब्बीच्या तोंडावर येणारा हा सण, म्हणून ही बियाण्याची उगवण तपासायची जुनी रीत असावी असं अनेक जण म्हणतात. तसं असो वा नसो, परडीभर मातीत, घरात, नऊ दिवसांत धान्य उगवून दाखवणं हे आपल्याकडच्या लहान पोरालाही माहीत असतं.

गंमत म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये असंच काहीतरी चालायचं. अडोनिस नावाच्या देवाच्या उत्सवात तिथल्या बायका फुटक्या खापरांत माती भरून लेट्यूस, बडीशेप वगैरे पेरायच्या आणि ती खापरं घराच्या छपरावर नेऊन ठेवायच्या. रोपं भराभर उगवायची आणि उन्हानं तेवढ्याच भराभर वाळायची. प्लेटोनं 'फीड्रस' या संवादात या बागांचा दाखला दिला आहे, तो थोडासा नाक मुरडूनच : शहाणा शेतकरी आपलं चांगलं बी असल्या आठ दिवसांच्या बागेत घालवणार नाही. म्हणजे गच्चीवरच्या बागेला 'ही काय खरी शेती आहे का?' असं विचारणारा पहिला माणूस आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी नव्हे, प्लेटो!

रॉकेलचा डबा

आता मुंबई. १८५४ साली कावसजी दावरांनी पहिली कापडगिरणी काढण्याचं ठरवलं, दोन वर्षांत ती सुरू झाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत कोकण आणि घाटावरून माणसांचा लोंढा गिरणगावात आला. प्रत्येकाच्या मागे गावाकडे थोडं का होईना, परडं किंवा रान होतं. इथे मिळाली चाळीतली एक खोली. १९२० च्या दशकात सरकारनं बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची होती, आणि त्यात अख्खं कुटुंब, वर गावाहून आलेले दोन-चार पाहुणे. मोकळी जागा म्हणजे खोलीसमोरचा सामाईक व्हरांडा आणि त्याचा कठडा.

आणि याच काळात एक नवं भांडं हिंदुस्थानभर पसरलं. रॉकेलचा डबा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत परदेशी कंपन्यांचं रॉकेल चार गॅलनच्या, म्हणजे साधारण १८ लिटरच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यातून यायचं. दोन डबे एका देवदारी खोक्यात. रॉकेल जळून जायचं, पण डबा आणि खोकं उरायचं. खोक्याचं कपाट व्हायचं, देव्हारा व्हायचा. डब्याचं काय काय व्हायचं विचारू नका! पाण्याची बादली, धान्याची कोठी, आंघोळीच्या पाण्याचा डबा, कापून सरळ केला तर झोपडीचं छप्पर. आणि गंजून गळायला लागला की शेवटची बढती : खिळ्यानं बुडाला भोकं पाडायची, माती भरायची, कठड्याला तारेनं बांधायचा आणि तुळस, ओवा, पुदिना, मिरची लावायची.

इंजिनीअरच्या नजरेनं बघितलं तर हा डबा म्हणजे एक झकास स्टँडर्ड होता. एकाच मापाचा, चौकोनी (म्हणजे एकाला एक चिकटून बसणारा, जागा वाया न घालवणारा), वजनाला हलका आणि फुकट. आज बागकामाच्या कुठल्याही पुस्तकात टोमॅटो किंवा वांग्यासाठी १५ ते २० लिटरची कुंडी सुचवलेली असते. कुणी ठरवून केलेलं नव्हतं, पण रॉकेलचा डबा नेमका त्या मापात बसत होता. आजचा १५ किलो तेलाचा चौकोनी डबा हा त्याचाच सख्खा वारस, मापही जवळपास तेच.

मिरचीचा उल्लेख केला म्हणून एक बारीकसं विषयांतर. मिरची, टोमॅटो, बटाटा ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळापासून पुढे आपल्याकडे आलेली. म्हणजे 'अमेरिकेतून आलेलं खूळ' हे वाक्य गॅलरीतल्या शेतीपेक्षा आपल्या ठेच्याला जास्त लागू पडतं. असो.

महायुद्ध, रेशन आणि डालडा

१९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. मुंबई प्रांत त्या तांदळावर बराच अवलंबून होता. २ मे १९४३ ला मुंबई शहरात रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं मेली. सरकारनं 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम काढली. इंग्लंडात १९३९ पासूनच 'डिग फॉर व्हिक्टरी' चालू होतं. तिथे घरामागचं हिरवळीचं लॉन खणून बटाटे लावा, असा तो संदेश होता.

पण लॉन कुणाकडे? इंग्लंडात मध्यमवर्गाकडे होतं. आपल्याकडे बंगल्यांत होतं, चाळीत नव्हतं. आपली मोहीम मुख्यतः शेतकऱ्यांसाठी होती : विहिरी, बियाणं, खत, पडीक जमीन लागवडीखाली आणणं. स्वातंत्र्यानंतरही ती चालू राहिली. १९५२ साली व्ही. टी. कृष्णम्माचारी समितीनं तिचा हिशोब मांडला. निष्कर्ष थोडक्यात असा की सुटे सुटे उपाय करून भागणार नाही, अख्ख्या गावाच्या जीवनाला हात घालायला हवा. त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबरला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. १९६५ च्या युद्धकाळात लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळचा उपास करायला सांगितलं आणि स्वतःच्या सरकारी बंगल्याच्या हिरवळीवर नांगर धरला. त्या नांगराची आठवण आजही लोक काढतात. पण बघा, तिथेही आधी हिरवळ होतीच!

ज्यांच्याकडे हिरवळ नव्हती त्यांच्याकडे तोवर दुसरा डबा आला होता. १९३७ साली बाजारात आलेला डालडा. पिवळा डबा, त्यावर हिरवं माडाचं झाड. वनस्पती तुपाचा कारखाना मुंबईतच, शिवडीला. पुढची चाळीसेक वर्षं मध्यमवर्गीय घरात दिवाळी म्हणजे डालडा, आणि डालडा संपला की डबा. मोठ्या डब्यात डाळ-तांदूळ, छोट्या डब्यात तुळस नाहीतर कोरफड. साठ-सत्तरच्या दशकातलं कुठलंही मराठी घर आठवून बघा किंवा आजीला विचारा. जिन्याच्या पायरीवर, संडासच्या छपरावर, खिडकीच्या गजात एखादा डालड्याचा डबा असणारच. पत्रा गंजून बूड गळून पडेपर्यंत, म्हणजे दोन-तीन पावसाळे, तो टिकायचा. मग पुढचा डबा.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की यातलं कुणीच 'बागकाम' करत नव्हतं. कुंडी विकत आणायची हा विचारच नव्हता. भाजी मुद्दाम पिकवायची असाही हट्ट नव्हता. धने उरले, टाकले. लसणाला कोंब आला, खुपसला. निवडलेल्या पुदिन्याची काडी रोवली. जे फेकायचं होतं ते जे फेकायचं होतं त्यात लावलं, आणि त्याला धुण्याचं, तांदळाचं पाणी घातलं.

गणिताचे प्राध्यापक, वांद्र्याची गच्ची आणि बंदरातलं स्वयंपाकघर

या सगळ्या सवयीला विचाराचा पाया देणारा माणूस महाराष्ट्रातलाच, आणि तो होता गणिताचा प्राध्यापक. श्री. अ. दाभोलकर. (हो, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू.) कोल्हापूरकडच्या या माणसानं 'प्रयोग परिवार' नावाचं शेतकऱ्यांचं एक जाळं उभं केलं. तासगावच्या द्राक्षांच्या यशात त्याचा मोठा वाटा मानला जातो. आजच्या भाषेत सांगायचं तर शेतीतलं ओपन सोर्स! एकानं प्रयोग करायचा, निकाल सगळ्यांना सांगायचा, दुसऱ्यानं त्यात सुधारणा करायची. वरिष्ठ-कनिष्ठ कुणी नाही.

त्यांचा मुख्य मुद्दा असा : शेती म्हणजे जमीन कसणं असं आपण समजतो, पण खरं तर आपण ऊन गोळा करत असतो. पान हे ऊन पकडायचं यंत्र. मग किती एकर आहे हा प्रश्न मागे पडतो आणि किती चौरस फूट पान किती दिवस उन्हात आहे हा प्रश्न पुढे येतो. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागू शकतं, असं ते हिशोब मांडून सांगत. त्यांचं मराठी पुस्तक 'विपुलाच सृष्टी'. इंग्रजी 'प्लेंटी फॉर ऑल' १९९८ साली आलं. एकदा हिशोब चौरस फुटावर आला की मग तो चौरस फूट शेतात आहे की गच्चीत, यानं तत्त्व बदलत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशींनी हे गच्चीत करून दाखवलं. त्यांची सामग्री ऐका : प्लास्टिकच्या पिशव्या, जुने टायर, पिंपं आणि उसाची चिपाडं. मुंबईत चिपाडांना तोटा नाही, प्रत्येक नाक्यावर रसवाला. तो ती फेकायच्याच तयारीत असतो. पिशवीत बहुतांश चिपाडं आणि कुजलेला कचरा, माती अगदी थोडी. (का थोडी, ते पुढे बघू.)

त्यांच्याकडून शिकलेल्यांपैकी प्रीती पाटील यांचं काम सगळ्यात जास्त गाजलं. त्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात केटरिंगचं काम बघायच्या. बंदरातल्या कामगारांसाठी रोज हजारोंचा स्वयंपाक, म्हणजे रोज भाज्यांची देठं, सालं, उरलेलं अन्न यांचा ढीग. २००२ साली त्यांनी आणि स्वयंपाकघरातल्या सहकाऱ्यांनी तो ढीग गच्चीवर नेऊन कुजवायला आणि त्यातच रोपं लावायला सुरुवात केली. सुमारे तीन हजार चौरस फुटांच्या त्या गच्चीवर पालेभाज्यांपासून फळझाडांपर्यंत शंभराहून जास्त प्रकारची झाडं उभी राहिली. पुढे २००९ साली 'अर्बन लीव्ह्ज' हा गट तयार झाला आणि शनिवार-रविवारी शहरातली नोकरदार मंडळी त्यात येऊन माती कालवायला लागली. दाभोलकरांच्या विचारातून आलेली पालापाचोळ्याची 'अमृत मिट्टी' त्यांनी शहरात रुजवली.

या गोष्टीतला मला भावणारा भाग म्हणजे त्यांची सुरुवात कुंडीपासून झाली नाही. कचऱ्यापासून झाली. हाताशी काय वाया जातंय, हा पहिला प्रश्न. चाळीतल्या बाईचाही पहिला प्रश्न तोच होता.

वजनाचा हिशोब

आता 'माती थोडी का' ते बघू, कारण इथे हौस आणि अभियांत्रिकी यांची टक्कर होते.

ओल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १.६ ते १.८ टन असतं. म्हणजे १८ लिटरचा एक डबा मातीनं भरून पाणी घातलं की ३० किलो. एका चौरस मीटरमध्ये असे सोळा डबे सहज चिकटून बसतात. झाले ४८० किलो. आणि आपल्याकडे इमारतींवरच्या भारासाठी जे भारतीय मानक आहे (आयएस ८७५, भाग २), त्यात माणसांचा वावर असलेल्या सपाट छतासाठी धरलेला भार आहे चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. फरक तिपटीचा! गच्चीवर फूटभर मातीचा वाफा करायला निघालेल्या उत्साही सभासदाला सेक्रेटरी अडवतो तेव्हा (प्लेटोचं सोडा) त्याचं म्हणणं चुकीचं नसतं. चिपाडं, पालापाचोळा, कंपोस्ट, कोकोपीट वापरलं की वजन निम्म्याच्या आसपास येतं. वजनदार कुंड्या मधे न मांडता भिंतीलगत, तुळईच्या वर मांडायच्या, आणि मोठी बाग करायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारायचं.

मराठवाड्यातल्या मंडळींसाठी आणखी एक. आपल्याला आपल्या काळ्या मातीचा फार अभिमान. कापसाला, हरभऱ्याला, हळदीला ती सोन्यासारखी. पण कुंडीत? पाणी घातलं की फुगते, चिखल होतो, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आक्रसते आणि कडेनं भेगा पडतात, मग घातलेलं पाणी त्या भेगांतून थेट बुडातून बाहेर. शेतातली सगळ्यात कसदार माती डब्यात नापास होते. तिच्यात निम्म्याहून जास्त शेणखत-पालापाचोळा आणि थोडी वाळू मिसळली तरच ती डब्यात नांदते.

वारंगा फाटा

आता मुंबई-पुणं सोडून जरा लांब जाऊ. नांदेडहून अर्धापूरमार्गे निघालं की पुढे वारंगा फाटा लागतो. हिंगोली जिल्हा, कळमनुरी तालुका. इथून एक रस्ता कळमनुरी-हिंगोलीकडून अकोल्याला जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ, नागपूरकडे. आजूबाजूला इसापूर धरणाच्या पाण्यावरची केळी, ऊस आणि हळद. (शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.) म्हणजे हिरव्यागार शेतांच्या मधोमध हा फाटा.

डब्यातल्या भाजीबद्दल बोलताना इथे कशाला आलो? कारण 'फाटा' ही आपल्याकडची फार खास वस्ती आहे. गाव शेतीभोवती वसतं, फाटा रस्त्याभोवती वसतो. हॉटेल, पंक्चरवाला, मोबाईलचं दुकान, औषधाचं दुकान, मागे दोन खोल्या. समोर डांबर, बाजूला दुसऱ्याची भिंत. सभोवती शेकडो एकर शेती असली तरी दुकानामागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाकडे परस असेलच असं नाही. आणि रस्ता रुंद होतो तेव्हा पुढची जागाही मागे सरकते. वारंगा ते महागाव हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चा टप्पा चौपदरी झाला, असे चौपदरी रस्ते राज्यभर झाले. अशा जागी वाफा करण्यात अर्थ नसतो. डबा मात्र उचलून नेता येतो.

वारंगा फाट्याजवळच तोंडापूरला हिंगोली जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघालं, आज बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात एक तरी आहे. नव्या वाणांचा, खतांचा प्रसार हे त्यांचं ठळक काम. पण आता त्यांच्या कामात 'पोषणबाग' हाही विषय असतो, म्हणजे घराजवळच्या लहानशा जागेत वर्षभर आलटून-पालटून पालेभाजी, शेंगभाजी, वेलभाजी.

हे का करावं लागतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. शेताच्या मधोमध राहून हे असं! त्याची कारणं अनेक आहेत, एकट्या मेथीनं ते सुटणार नाही. पण शेत नगदी पिकाकडे गेलं, बांधावरचं चवळी-अंबाडी-तांदुळजा तणनाशकानं गेलं, आणि भाजी आठवडी बाजारातून विकत आणायची झाली की पहिली काटछाट कुणाच्या ताटात होते, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं शाळांमधल्या पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात जागा नसलेल्या शाळांना काय सुचवलंय? छतावर लावा, आणि डबे, बरण्या, मातीची मडकी, जुन्या लाकडी पेट्या, खाण्याच्या पदार्थांचे रिकामे डबे, पिठाच्या पिशव्या, जे असेल त्यात लावा. चाळीतल्या आणि गावकुसाबाहेरच्या बायका शंभर वर्षं जे करत होत्या ते शेवटी सरकारी परिपत्रकात आलं. उशिरा का होईना, डब्याची दफ्तरी नोंद झाली म्हणायची.

मग उपयोग काय?

आता रोखठोक हिशोब. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सध्याच्या शिफारशीनुसार माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाजी (पालेभाजी धरून) हवी. चार माणसांचं कुटुंब म्हणजे रोज १.६ किलो, महिन्याला ४८ किलो. आठ फूट बाय चार फुटांच्या गॅलरीत, दिवसाला चार तास ऊन येत असताना, हे होणे नाही. जो कुणी होईल म्हणतो तो तुम्हाला काहीतरी विकतोय असं समजा.

आणि विकत घेऊन केलं तर हिशोब आणखी बिघडतो. विल्यम अलेक्झांडर नावाच्या अमेरिकन गृहस्थानं २००६ मध्ये एक गमतीदार पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'द सिक्स्टी-फोर डॉलर टोमॅटो'. बागेवर झालेला सगळा खर्च टोमॅटोंवर विभागला तर एक टोमॅटो ६४ डॉलरला पडला! ग्रो-बॅग, कोकोपीट, विकतचं गांडूळखत, नीमतेल असं सगळं मागवून केलेली आपली कोथिंबीर काही याहून वेगळी नसते. रॉकेलच्या डब्यापासून इथवर येताना एवढाच एक बदल झालाय, पण तो मोठा आहे : पूर्वी डबा फुकट होता म्हणून भाजी लावली, आता भाजी लावायची म्हणून डबा विकत घेतो.

पाण्याचाही हिशोब आहे. एप्रिलमध्ये डब्यातली माती चारी बाजूंनी तापते, एक दिवस चुकला तर रोप माना टाकतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. ज्या राज्यात हे घडलं तिथे पिण्याच्या पाण्यावर टोमॅटो वाढवणं शोभत नाही. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी धरून ठेवलं तर आठ-दहा कुंड्यांचं भागतं. आजीचा सिस्टिम डिझाइन इथेही बरोबर होता.

मग डब्यातून मिळतं काय? जे थोडंसं लागतं, पण रोज लागतं आणि ताजंच लागतं ते. कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा. पंधरा सेंटिमीटर खोलीच्या कुठल्याही भांड्यात महिन्याभरात तयार होणारी मेथी. पुन्हा पुन्हा खुडता येणारा पालक आणि तांदुळजा. महिन्याच्या ४८ किलोंत हे दोन-तीन किलो असेल. पण आठवड्यातून तीनदा ताटात हिरवं पान येणं आणि न येणं यातला फरक त्या दोन-तीन किलोंचाच असतो. फाट्यावरच्या दोन खोल्यांतही, आणि रात्री दहाला ऑफिसातून येऊन मॅगी करणाऱ्याच्या फ्लॅटमध्येही.

आणि हो, आपण बहुतेक जण आज भाडेकरूच आहोत. अकरा महिन्यांचा करार, मग नवं घर, नवा टेम्पो. जमीन नसलेल्या माणसाची शेती, जागा बदलली की उचलून नेता येणारी, हे वर्णन जितकं गिरणी कामगाराला लागू होतं तितकंच आपल्याला. फरक इतकाच की आपल्यापुढे पर्याय होते.

तेव्हा सुरुवात करायची असेल तर खरेदीची यादी करू नका. घरात या आठवड्यात काय रिकामं होतंय ते बघा. रंगाची वीस लिटरची बादली, तेलाचा डबा, तांदळाची पिशवी, काहीही. बुडाला भोकं पाडा. अर्ध्याहून जास्त पालापाचोळा आणि ओला कचरा कुजवलेलं खत, उरलेली माती. स्वयंपाकघरातल्या डब्यातली मूठभर मेथी रात्रभर भिजवून पेरा.

चार दिवसांत कोंब दिसेल. घटाला दिसतो तसाच.